कसाऱ्याचा घाट आणि आपल्या ट्रॉल्या

मागच्या भातकापणीनंतर आमच्या गावाबाहेरच्या उतारावर पेंढ्याची एक ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली. पिनच्या खाली खिट्टीऐवजी वाकवलेला खिळा होता. ट्रॉली शेतात जाऊन कलंडली, माणूस कोणी सापडला नाही. दोन दिवस चर्चा झाली, मग तीच ट्रॉली नवा खिळा घालून परत रस्त्यावर.

मला नवल याचं वाटलं की हे शहापूर-मुरबाडमध्ये घडतंय. उतारावर ओझं कसं आवरायचं हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न. मुरबाड बाजूला वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढा. सातवाहनांच्या काळापासून वापरातली ही वाट, पण चाकाची नाही. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून जायचे. मीठ वर, धान्य खाली. बैल स्वतःच ब्रेक. माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आजही आहे.

चाक घाटात आलं ते शहापूर तालुक्यातून. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये पोचली, पण पुढचा थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. चढ ३७ फुटांना १ फूट. गाडी वर नेणं अवघड होतंच, पण इंजिनिअरांची झोप उडवली ती खाली आणण्यानं. सुरुवातीला सगळ्या गाडीला एकत्र ब्रेक नसायचा. इंजिनाची शिट्टी ऐकून ब्रेकच्या डब्यातला माणूस हातानं चाक फिरवायचा. त्याचा हात कमी पडला तर काय, म्हणून घाटात कॅच साइडिंग ठेवलं, म्हणजे चढावर जाऊन संपणारा बाजूचा रूळ. रस्ता आधी तिकडेच लावलेला असतो. गाडी थांबून ताब्यात आहे हे दिसलं की मगच सरळ रूळ मिळतो.

नंतर व्हॅक्यूम ब्रेक आले, मग हवेचे. त्यातली गंमत बघा : डबे तुटून नळी निसटली, तर ब्रेक आपोआप लागतात. आपली ट्रॉली सुटली की ती मोकळीच.

कसाऱ्याला मागे बँकर इंजिनं लागतात हे लोकलनं जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. २०१९ पासूनची मुंबई-दिल्ली राजधानी पुढे-मागे इंजिन घेऊनच धावते, तिला त्यासाठी थांबावं लागत नाही. पण इगतपुरीहून खाली उतरायचं तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही. दीडशे वर्षं झाली तरी त्यात ढिलाई नाही.

मुरबाडला तर रेल्वेच नाही, सगळं ओझं रस्त्यावर. विटा, रेती, पेंढा. आणि तपासणारं कोणी नाही, आपणच. पिन झिजून बारीक झाली का, दांडीच्या कडीचं भोक लांबोडं झालंय का, हे दर हंगामाला बघायला पाच मिनिटं पुरतात. खिट्टी खरी हवी, खिळा नको. पिनसोबत साखळी हवीच, म्हणजे पिन गेली तरी ट्रॉली पळत नाही. शेतात वळायला ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल सुटे करतो, ते रस्त्यावर येताना परत जोडायचे. नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना काय सांगायचं, तुम्हीच सांगा.

ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे : पेंढा भरायला सुरुवात व्हायच्या आधी एक दिवस सगळ्या ट्रॉल्या शाळेच्या मैदानात लावू, गावातला वेल्डर बोलावू. खिट्ट्या आणि साखळ्यांचा खर्च वर्गणीतून. तुमच्या गावात असं काही करत असाल तर खाली लिहा.