दुसऱ्यांदा भाजलेला पाव

उदगीरच्या बाजारात सकाळी कोणत्याही चहाच्या दुकानापाशी थांबावे, तेथे काचेच्या बरणीत टोस्ट असतोच. शेतमाल घेऊन आलेला शेतकरी, अडतीवरचा हमाल, शाळेकडे निघालेले गुरुजी, सर्वजण तो चहात बुडवून खातात आणि आपापल्या कामाला लागतात. या साध्या न्याहारीला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहास म्हटला की उदगीरकराला किल्ला आठवतो, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेला विजय आठवतो. ते योग्यच आहे. परंतु बरणीतल्या त्या टोस्टनेही एक लढाई पाहिली आहे, आणि ती आपल्या समाजाच्या अगदी जवळची आहे. तिचीच हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

टोस्ट म्हणजे मुळात उरलेला पाव. जुन्या पद्धतीची भट्टी विटांची असते. तिचे छत घुमटासारखे आणि भिंती जाड. लाकडे जाळून ती तापवितात, निखारे बाजूला सारतात आणि तापलेल्या विटांच्या उष्णतेवर पाव भाजतात. शेवटचा घाणा निघाला तरी भट्टी लगेच निवत नाही. तिची ऊब रात्रभर हळूहळू उतरत राहते. न खपलेल्या पावांचे काप पत्र्यावर मांडून त्या उतरत्या उबेत सारून ठेवले, की सकाळपर्यंत त्यांतील ओलावा निघून जातो, रंग बदामी होतो आणि जो पाव दुपारी फेकावा लागला असता तो पुढे कित्येक दिवस टिकतो. आज मोठ्या बेकऱ्यांत टोस्टसाठी निराळे गोड पीठ मळतात, ही गोष्ट खरी. तरीही पद्धत तीच राहिली आहे: आधी पाव भाजायचा, मग कापायचा, मग पुन्हा भाजायचा.

हे ‘पुन्हा भाजणे’ फार जुने आहे. ‘बिस्किट’ हा शब्द आज आपण मराठीच मानतो. त्याच्या मुळाशी ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेले, हे दोन लॅटिन शब्द आहेत. समुद्रावर महिनोन्महिने राहणाऱ्या खलाशांना ताजा पाव मिळणे शक्य नव्हते; त्यांच्यासाठी दोनदा भाजून कडक केलेला पाव गलबतावर भरीत असत. १४९८ साली वास्को द गामाची जी गलबते कालिकतला पोहोचली, त्यांच्यावरही हेच अन्न होते. मऊ पाव आपल्या किनाऱ्यावर रुजला तो त्यानंतर. पोर्तुगीजांनी १५३४ च्या तहाने वसई घेतली, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकेपर्यंत दोन शतके त्यांचा अंमल तेथे राहिला. पोर्तुगीज शब्दावरून आपल्याला ‘पाव’ मिळाला, गोव्याला ‘पोदेर’ मिळाला. आंबवण्यासाठी किण्व हाताशी नव्हते, तेव्हा गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर पिठात घातली. सागरापलीकडची कला आणि कोकणातला माड यांचा असा मेळ बसला.

पावाचे एक दुर्दैव मात्र त्याच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागले आहे: तो लवकर शिळा होतो. पाव सुकतो म्हणून शिळा होतो, असा आपला समज असतो. बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले, की ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरीही पाव शिळा होतोच, आणि पुन्हा तापवला तर काही वेळ मऊही होतो. भाजताना पिठातील स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पाव निवू लागला की तोच स्टार्च हळूहळू आपली जुनी घट्ट रचना धरू लागतो. म्हणून शिळा पाव हा बिघडलेला पाव नव्हे. उलट दूध किंवा रस पिऊन घेण्याची आणि तरीही न विरघळण्याची शक्ती ताज्या पावापेक्षा त्याच्यात अधिक असते. ताजा काप दुधात टाकला तर त्याचा लगदा होतो. शिळा काप आपला आकार राखतो.

शास्त्र ठाऊक नसतानाही जगभरच्या गृहिणींना हे ठाऊक होते. फ्रेंच लोक दूध-अंड्यात भिजवून तळलेल्या शिळ्या पावाला ‘हरवलेला पाव’ म्हणतात, जर्मन त्याला ‘गरीब सरदार’ म्हणतात. स्पेनमध्ये तो उपवासकाळात करतात, पोर्तुगालमध्ये नाताळात. अमेरिकेत पावाचे थर लावून त्यांवर दूध-अंड्याचे मिश्रण ओततात, रात्रभर मुरू देतात आणि सकाळी भट्टीत भाजून न्याहारीला वाढतात. आपल्याकडे सुरतेची गोष्ट प्रसिद्ध आहे. डच लोक निघून गेल्यावर त्यांची बेकरी दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, गिऱ्हाईक घटले, आणि उरून वाळलेला पावच लोकांना इतका आवडू लागला की पुढे तो मुद्दाम तसा करू लागले, असे सांगतात. सुरतेची प्रसिद्ध बिस्किटे त्यातूनच निघाली.

आता लढाईकडे वळू. पाव महाराष्ट्रात आला तो केवळ खाद्य म्हणून आला नाही. तो एक प्रश्न घेऊन आला. हा कोणी भाजला? कोणाच्या हातचे पाणी त्यात आहे? विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यायले आणि सारे गाव बाटले, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांपैकी किती घडल्या आणि किती रचल्या गेल्या, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. एवढे खरे, की पावाचा एक तुकडा माणसाला त्याच्या जातीतून, घरातून आणि पंगतीतून उठवू शकतो, अशी समाजाची ठाम समजूत होती. आपल्या पूर्वजांना ‘पाव खाणारे’ म्हणून जे हिणवले गेले, त्याचे मूळ या समजुतीत आहे.

या समजुतीला पहिला जाणीवपूर्वक धक्का दिला तो मराठी सुधारकांनीच. मराठीचे थोर व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन केली. जातिभेद मोडणे हे तिचे उद्दिष्ट. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तिथली दीक्षा होती. परंतु हे सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि मंडळी विस्कटली. विचाराने धीट असलेली माणसेही एका घासाच्या बोभाट्याने मागे सरली. याहून बोलका प्रसंग १८९० चा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे होती. नावे वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि पुढे या दोघांनाही प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. काही जण तर म्हणे केवळ समोर ठेवलेला कप नाकारू न शकल्यामुळे त्यात सापडले. दोनदा भाजलेल्या पिठाच्या तुकड्याने मराठी समाजातील सर्वांत मोठी माणसे अडचणीत आणली!

पुण्या-मुंबईत हे चालले असताना उदगीर निराळ्या राज्यात होते. १७६० चा विजय टिकला नाही. उदगीर पुढे हैदराबाद संस्थानात राहिले, बिदर जिल्ह्याचा भाग म्हणून. मराठी, दखनी उर्दू आणि कन्नड या तीनही भाषा येथल्या बाजाराने ऐकल्या. या बाजूला गव्हाचा पाव पोर्तुगीज नावाने आला नाही. तो ‘डबल रोटी’ म्हणून आला. आंबवल्यावर फुगून दुप्पट होते म्हणून डबल, असे सांगतात. आणि उरलेल्या डबल रोटीचे हैदराबादने जे केले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काप तुपात तळायचे, आटवलेल्या दुधात आणि साखरेच्या पाकात मुरवायचे, केशर-वेलदोडा घालायचा, पसरट भांड्यात थर लावून खाली-वर निखारे ठेवून मंद आचेवर दम द्यायचा: हाच ‘डबल का मीठा’. लग्नाच्या दावतीत त्याला मानाचे स्थान. म्हणजे ज्या पावाने किनाऱ्यावर माणूस बाटत होता, तोच पाव पठारावर शुभकार्याचे पक्वान्न होता. बाटवण्याचा गुण जर पिठात किंवा आंबवणात असता, तर तो बिदरच्या वाटेवर नाहीसा झाला नसता. तो पावात कधीच नव्हता. तो पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

१९३० च्या सुमारास निजाम सरकारच्या रेल्वेने विकाराबादहून बिदरमार्गे परळीपर्यंत लोहमार्ग नेला आणि उदगीर त्यावर आले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहे. या साऱ्या काळात कडक टोस्टला एक फायदा होता. मऊ पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. टोस्ट पोत्यात, डब्यात, आगगाडीत आणि बैलगाडीत टिकतो. जिथे बेकरी नव्हती अशा खेड्यातही तो पोहोचू शकला, आजाऱ्याला दुधात आणि म्हाताऱ्याला चहात चालला. कोणी भाजला हे विचारण्याची सवय हळूहळू मोडली. हे श्रेय एकट्या टोस्टचे नव्हे. संतांनी, सुधारकांनी, महात्मा फुल्यांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या संविधानाने ती वाट तयार केली. पण जे सभेत पटते ते स्वयंपाकघरात उतरायला वेळ लागतो, आणि तिथे टोस्टने न बोलता पुष्कळ काम केले. सर्व भिंती पडल्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. टोस्ट कोणाच्याही हातचा चालतो, पण पंगतीला शेजारी कोण बसला आहे हे आजही कुठे कुठे पाहिले जातेच.

शिळ्याचा मान राखणे उदगीरच्या मातीला पाव येण्यापूर्वीपासून ठाऊक होते. हा ज्वारीचा मुलूख. भाकरी उरली की ताकात किंवा दह्यात कुस्करून काला करायचा, नाहीतर कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. वेळ अमावास्येला शेतात जी आंबील नेतात, ती ज्वारीच्या पिठाला ताकात आंबू दिल्यानेच चवीला येते. त्या दिवशीची भज्जीही दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते. म्हणजे मराठवाड्याच्या स्वयंपाकात रात्र ही एक स्वयंपाकीणच आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना जेवू घातल्याची जी कथा आहे, तिच्यातल्या भाकरी गव्हाच्या नसून जवाच्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या होत्या, आणि जेवणानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करण्यात आले. ज्वारी खाणाऱ्यांना त्या टोपल्यांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये.

रात्रभर मुरलेला हा भाजका पाव घरी करण्यास मोठी भट्टी लागत नाही. आदल्या दिवशीच्या पावाचे आठ काप घ्यावेत. ते तव्यावर कोरडे शेकून, लोणी लावून, जाड बुडाच्या पातेल्यात किंवा केकच्या भांड्यात थर देऊन मांडावेत. मध्ये बेदाणे पेरावेत. अर्धा लिटर दूध पाऊण वाटी साखर घालून उकळावे, वेलदोड्याची पूड घालून पुरते निवू द्यावे. त्यातले वाटीभर बाजूला काढून उरलेले पावावर ओतावे आणि दोन्ही रात्रभर शीतकपाटात ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते उघड्यावर ठेवू नये. शीतकपाट नसेल तर काप तेवढे रात्री शेकून ठेवावेत आणि दूध पहाटे ओतावे. सकाळी तीन अंडी राखलेल्या दुधात फेटून वरून घालावीत. कढईत वाळूचा किंवा जाड मिठाचा थर तापवून त्यावर भांडे ठेवावे, वर घट्ट झाकण, आणि मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास भाजावे. मधोमध सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झाले.

आमची वाचक कुटुंबांना एकच विनंती आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळी घरात पहिल्यांदा पाव केव्हा आला, तो कोणत्या भट्टीतून आला, त्यावरून शेजारी कोणी काही बोलले का, आणि उरलेल्या पावाचे किंवा भाकरीचे काय करीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. सनावळ्या पुस्तकांत सापडतात. भांड्यात रात्रभर काय मुरत होते आणि उंबऱ्यावर कोण काय म्हणाले, हे पुस्तकांत क्वचितच मिळते. ते सांगणारी माणसे घरात आहेत तोवर एखाद्या जुन्या वहीत चार ओळी उतरवून ठेवाव्यात, आणि वहीवर गावाचे नाव व सालही घालावे.