दरोडा, तपास आणि कोठेवाडी

शनिवारी रात्री 'तीरन अधिगारम ओंड्रू' (2017) पाहिला. हायवेलगतच्या घरांवर दरोडे घालणारी टोळी तमिळनाडू पोलिसांनी 2005 मध्ये कशी पकडली, त्यावर बेतलेला सिनेमा. एकदम थरारक! पण पाथर्डीच्या माणसाला असलं काही बघताना कोठेवाडी आठवतेच.

जानेवारी 2001. आमच्या तालुक्यातल्या या वस्तीवर रात्री दरोडेखोर आले. घरं लुटली, माणसांना बेदम मारलं, बायकांवर अत्याचार केले. आरोपींवर मोक्का लागला.

अशा वेळी सगळ्यांना एकच हवं असतं, लवकर अटक. गोची तिथेच होऊ शकते. 2003 मध्ये नाशिककडे एका दरोड्यात पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातींमधले सहा जण पकडले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच कोर्टाने 5 मार्च 2019 ला सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून दुसरेच चार जण ओळखले होते, त्यांचा नीट तपासच झाला नव्हता!

गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला, संशय मात्र राहिला. सिनेमात टोळी सापडली की 'द एन्ड'. खऱ्या केसमध्ये मुख्य प्रश्न तिथून सुरू होतो: हीच ती माणसं का?