गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आणि पॅरिसचा बिस्त्रो

कोल्हापूरच्या खानावळीत ताट येण्याआधी वाटीभर अळणी येते. नाव अळणी, पण मीठ त्यात असते. नसते ते तिखट आणि मसाला. मटण शिजवलेले ते पातळ, गरम पाणी घशाखाली उतरले की भूक जागी होते. आमच्या घरांत हिलाच यखनी म्हणतात. आजारातून उठलेल्या माणसाला आणि बाळंतिणीला ती आवर्जून देतात. आज जगभरची हॉटेले ज्या 'रेस्तराँ' या शब्दाने ओळखली जातात, त्याचा मूळ अर्थ हाच आहे. फ्रेंच भाषेत तो गेलेली ताकद भरून आणणाऱ्या रश्श्याला लावीत. १७६० नंतरच्या काही वर्षांत असा रस्सा विकणारी दुकाने पॅरिसमध्ये निघाली आणि पदार्थाचे नाव दुकानालाच चिकटले.

म्हणजे पॅरिसची सुरुवात अळणीने झाली, असे आम्ही गमतीने म्हणतो. पण गमतीच्या पुढे एक गंभीर गोष्ट आहे. परक्या माणसाच्या हातचे, परक्या माणसांच्या शेजारी बसून खाणे ही वाटते तितकी साधी क्रिया नाही. कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाच्या हातचा कप कोण ओठाला लावणार, यावर समाजाची घडण उभी असते. या प्रश्नाला पॅरिसने एक उत्तर दिले आणि कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवरील एका लहानशा चहाच्या हॉटेलाने दुसरे. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रेस्तराँ निघण्यापूर्वी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचे तर खाणावळवाल्याच्या एका लांब मेजावर, तो सांगेल त्या वेळी, तो वाढील ते खावे लागे. रेस्तराँने प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे मेज दिले, पदार्थांची यादी दिली आणि यादीवर किमती छापल्या. १७८९ च्या क्रांतीनंतर अनेक सरदारांचे वाडे ओस पडले. तिथल्या आचाऱ्यांपैकी काहींनी आपापली दुकाने थाटली. ज्याच्या खिशात पैसे तो सरदाराच्या खुर्चीवर बसू लागला. मात्र ज्याच्या खिशात पैसे नाहीत, तो बाहेरच राहिला.

त्या बाहेरच्या माणसासाठी पुढे बिस्त्रो निघाला. एकोणिसाव्या शतकात मध्य फ्रान्समधील ओव्हर्न या डोंगराळ, गरीब मुलखातून माणसे पोटासाठी पॅरिसला आली. त्यांनी घरोघर पाणी वाहिले, मग कोळसा विकला. कोळशाच्या दुकानाच्या कोपऱ्यात दारूचे पिंप ठेवले आणि बायकोने मागच्या चुलीवर शिजवलेले कालवण मजुरांना वाढले. मालक गल्ल्यावर, मालकीण चुलीपाशी, फळ्यावर खडूने लिहिलेले दोन-चार पदार्थ, कांद्याचे सूप, मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले मांस आणि नावाने हाक मारता येतील अशी गिऱ्हाइके. बिस्त्रोचे मूळ रूप हे असे आहे. १८१४ मध्ये पॅरिसला आलेल्या रशियन सैनिकांच्या 'लवकर, लवकर' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले, अशी एक कथा सांगतात. भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत, कारण हा शब्द लिखाणात सापडतो तो १८८० नंतर. दारूचे पिंप आम्हाला वर्ज्य आहे. ते वगळले तर उरते ती आपली खानावळच. मोठ्या शहरांत 'बिस्त्रो' अशी पाटी लावून मंद दिव्यांत महागडे जेवण मिळते, तिथे बसणाऱ्यांना या कोळसेवाल्याची आठवण क्वचितच होत असेल.

फ्रेंचांच्या या बैठकीत मुसलमानांचाही वाटा आहे. रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून येमेनचे सूफी पंधराव्या शतकात कॉफी पीत. तिथून ती मक्का, कैरो आणि इस्तंबूलला गेली. १६६९ मध्ये उस्मानी सुलतानाचा वकील सुलेमान आगा पॅरिसला आला. भेटीला येणाऱ्या फ्रेंच बड्या मंडळींना त्याने कॉफी पाजली आणि तिचे वेड पसरले. १६८६ मध्ये पॅरिसचे प्रसिद्ध कॅफे प्रोकोप निघाले.

कॉफीबरोबर आणखी एक गोष्ट देशोदेशी फिरली, ती म्हणजे राज्यकर्त्यांची भीती. माणसे एकत्र बसली की बोलतात, आणि बोलली की राज्यकर्त्यांविषयीही बोलतात. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली. १६७५ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले आणि ओरड होताच थोड्याच दिवसांत मागे घेतले. एक मुसलमान अधिकारी, एक ख्रिस्ती राजा. भीती मात्र दोघांची एकच.

ही भीती विसाव्या शतकातही संपली नाही. अल्जीरियातून, विशेषतः काबील डोंगरांतून मजूर फ्रान्सला आले. त्यांच्यातील अनेकांनी पॅरिसमध्ये लहान कॅफे आणि बिस्त्रो चालवायला घेतले. दिवसभर कारखान्यात राबलेला माणूस तिथे आपल्या भाषेत बोले, गावाकडच्या चिठ्ठ्या वाचून घेई, कुसकुस खाई. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची चर्चा याच मेजांवर झाली. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसच्या पोलिसप्रमुख मॉरिस पापाँ यांनी एक जाहीरनामा काढला. 'अल्जीरियाच्या फ्रेंच मुसलमानांनी' रात्री रस्त्यावर फिरू नये, आणि असे मुसलमान जी पेयगृहे चालवतात व जिथे ते जातात, ती रोज संध्याकाळी ७ वाजता बंद व्हावीत, असे त्यात होते. याच्या निषेधार्थ १७ ऑक्टोबरला हजारो अल्जीरियन माणसे, बायका-मुलांसह, शांतपणे रस्त्यावर उतरली. पोलिसांनी त्यांना झोडपले, गोळ्या घातल्या, कित्येकांना सीन नदीत फेकले. या दडपशाहीचा उच्चार फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी केला तो २०१२ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाला देणाऱ्या नगरीत, मालकाचा धर्म पाहून हॉटेलचे दार बंद करण्याचा हुकूम निघाला होता.

आता पॅरिसहून कोल्हापूरला येऊ, आणि चाळीस वर्षे मागे जाऊ.

राजर्षी शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांतली ही हकीकत आहे. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेतले नोकर. जातीने अस्पृश्य. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून सोबतच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा दिल्लीला होते. ते परतल्यावर गंगारामांनी सोनतळी कॅम्पवर जाऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळे करून, स्वतःचा धंदा काढण्यासाठी पैसे दिले. त्या पैशातून भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल उभे राहिले. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, जागा भर वस्तीतली होती. गिऱ्हाईक मात्र येईना. मालकाची जात साऱ्या गावाला ठाऊक होती. १९१९ मध्ये महाराजांनी शाळा, दवाखाने, धर्मशाळा, विहिरी, तळी अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले होते. पण हुकूम फार तर दार उघडून देतो. आत येऊन कप ओठाला लावण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. महाराजांनी हे ओळखले आणि ते स्वतःच गिऱ्हाईक झाले. फेरफटक्याला निघाले की त्यांची गाडी त्या हॉटेलापुढे थांबे. ते चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण, मराठा मंडळींनाही पाजत. राजाच्या हातात कप आहे म्हटल्यावर आपला कप कोण खाली ठेवणार? अर्जावर महाराजांची सही हवी असेल त्याने गंगारामच्या हॉटेलात यावे, असाही शिरस्ता पडल्याचे जुनी मंडळी सांगत. पुढे महाराजांनी त्यांना सोडा तयार करण्याचे यंत्रही घेऊन दिले.

हा वरवरचा देखावा नव्हता. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांना आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला येण्याचे आमंत्रण भर सभेत दिले. ज्या काळात जेवणाची पंगत हेच जातीचे सर्वांत भक्कम कुंपण होते, त्या काळात हे आमंत्रण म्हणजे भाषणातला सर्वांत धारदार भाग होता.

कोल्हापुरातल्या बोर्डिंगांचा इतिहासही याच कुंपणाचा आहे. १८९६ मध्ये सर्वांसाठी काढलेल्या राजाराम वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य अशी वेगवेगळी बोर्डिंगे काढावी लागली. मुसलमानांत पुढाकार घेणारे कोणी दिसेना, तेव्हा १९०६ मध्ये महाराजांनीच मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले. खेड्यातून आलेल्या मुसलमान पोरांचे घराबाहेरचे पहिले ताट तिथल्या भटारखान्यातले. आमच्यातल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी त्या ताटापायी महाराजांना दुवा दिली असेल. पण बोर्डिंगे वेगळी, म्हणून चुलीही वेगळ्या राहिल्या. शिकण्याची सोय झाली, पंगत एक झाली नाही. हे काम ज्या जागी प्रत्यक्ष झाले ती जागा म्हणजे भाऊसिंगजी रोडवरचे ते हॉटेल, कारण तिथे चूल एकाची होती आणि कप सगळ्यांचे.

इथे आपल्याकडेही पाहायला हवे. 'आमच्यात एकच दस्तरखान' असे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि दीनच्या शिकवणुकीनुसार ते खरेही आहे. व्यवहारात काय? १९०१ च्या जनगणनेत बंगालच्या मुसलमानांत अशराफ, अजलाफ आणि त्यांच्याखाली अर्जल अशी उतरंड नोंदली गेली. अर्जलांबरोबर बाकीचे मुसलमान संबंध ठेवत नसत. महाराष्ट्रातही मेहतर मुसलमानाच्या घरचे पाणी पिताना कोणाकोणाचा हात अडला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. शादीच्या दावतीत बिरादरी पाहून बोलावणे आम्ही पाहिले आहे, आणि गप्पही बसलो आहोत. दुसऱ्याने आपल्या पाटीवरचे नाव वाचून तोंड फिरवले की आम्हाला दुखते. ते दुखणे खरे आहे, पण तेवढेच खरे आमच्या हातून दुसऱ्याला झालेले दुखणेही आहे.

नाव वाचून तोंड फिरवण्याचे दिवस संपलेले नाहीत. १९४७ पर्यंत रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी सोय असे. ती गेली. पण जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे नाव ठळकपणे लावण्याचे फर्मान निघाले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. दुकानात कोणते पदार्थ मिळतात ते लिहावे, मालकाचे आणि नोकरांचे नाव लिहिण्याची सक्ती करू नये, असे न्यायालयाने सांगितले. आणि ज्या कोल्हापूरची ही हकीकत आम्ही सांगत आहोत, तिथेही ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक आणि मोडतोड झाली. शाहूंच्या नगरीत हे घडले, याचे दुःख मराठी मुसलमानाला दुप्पट होते. त्या नगरीवर आपलाही हक्क आहे असे तो मानतो म्हणून.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यांचे पहिले स्मारक कोणा सरदाराने किंवा इंग्रज साहेबाने उभारले नाही. १९२५ मध्ये नर्सरी बागेत ते उभे केले ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या अस्पृश्य सहकाऱ्यांनी. ज्याच्या हातचा चहा राजाने घेतला, त्याने राजाची याद अशी जपली.

भाऊसिंगजी रोडने जाताना आम्ही कुठेतरी चहाला थांबतो. हॉटेल कोणाचे, हे विचारत नाही. महाराजांनीही विचारले नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. ते कोणाचे आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच ते आत गेले. आपल्या गावात ज्या हॉटेलकडे पाटी वाचून माणसे पाठ फिरवतात, तिथे जाऊन एक चहा मागवायला राजा असावे लागत नाही.