आभाळातला कॅमेरा कोणाचा?

11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे सकाळी दिसले. संतप्त लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जणांचा बळी गेला. समर्थन काय दिले गेले? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता!

मग टँकर कुठे उभे होते आणि आपली माणसे कुठे पडली? वरून घेतलेल्या एका चित्रणाने हे अंतर त्याच दिवशी महाराष्ट्राला दाखवले असते. ते आपल्याकडे नव्हते. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला दोषी धरले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये आला. तोवर टँकरची गोष्ट अनेकांच्या डोक्यात पक्की बसली होती.

आज ड्रोन स्वस्त झाला आहे. पण तो कोणाच्या हातात आहे? 1 जानेवारी 2019 रोजी भीमा कोरेगावच्या अभिवादनावर पोलिसांचे ड्रोन फिरत होते. त्या चित्रणात आपण नागरिक असतो की संशयित, हे चित्रण ज्याच्या ताब्यात तोच ठरवतो.

2021 च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी लागत नाही. मात्र व्यवसाय म्हणून 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे. शिवाय बंदोबस्ताच्या नावाखाली ड्रोनबंदीचा आदेश निघतो, तेव्हा पत्रकाराचा कॅमेरा खाली उतरतो आणि पोलिसांचा वरच राहतो.

‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. बाबासाहेब दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसले नाहीत. आज आम्ही कोन-भिवंडीत काय करतो? जयंतीच्या मिरवणुकीवर ड्रोन फिरवतो, रील टाकतो आणि विसरतो. तोच ड्रोन पाडल्या जाणाऱ्या वस्तीवर, अडवलेल्या मोर्चावर का जात नाही?

तरुणांनो, प्रमाणपत्र घ्या. मूळ चित्रण वेळेसह जपून ठेवा. प्रसिद्ध करताना आंदोलकांचे चेहरे झाका, नाहीतर आपलेच चित्रण आपल्या माणसांवर गुन्हे दाखल करायला वापरले जाईल. आणि खाली उतरून माणसांशी बोला. आभाळातून गर्दी दिसते, तिचे म्हणणे ऐकू येत नाही.

जय भीम!