भोकर–किनवट–माहूर प्रदेश

भोकर–किनवट–माहूर प्रदेश : महाराष्ट्र राज्याच्या नांदेड जिल्ह्यातील उत्तर व ईशान्य भागाचा डोंगराळ व वनाच्छादित मुलूख. यात भोकर, हिमायतनगर, किनवट व माहूर हे तालुके आणि हदगाव तालुक्याचा पैनगंगेलगतचा भाग यांचा समावेश करता येतो. उत्तरेस पैनगंगा नदी व तीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेस व आग्नेयीस तेलंगण राज्याचे आदिलाबाद व निर्मल जिल्हे, तर दक्षिणेस व नैर्ऋत्येस गोदावरी खोऱ्याचा सपाट, दाट वस्तीचा प्रदेश आहे. भोकर हे या मुलखाचे दक्षिणेकडील प्रवेशद्वार होय. नांदेडहून किनवटकडे जाणारा रस्ता व मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग हे दोन्ही भोकरवरून जातात. वऱ्हाड, तेलंगण व मराठवाडा या तीन प्रदेशांच्या सांध्यावर वसलेला हा भाग प्रत्येक सत्तेच्या दृष्टीने सीमेवरचा ठरला. त्याच्या इतिहासाची व आजच्या समाजस्थितीची पुष्कळशी उकल या एका गोष्टीने होते.

भूवर्णन : नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात बालाघाटचे फाटे पसरलेले आहेत, तर उत्तर भागात सातमाळा व निर्मल या डोंगररांगा आहेत. पैनगंगा व गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक याच टेकड्यांतून जातो. त्यामुळे भोकर परिसरातून निघणारी सुधा नदी भैंसाच्या बाजूने वाहत जाऊन गोदावरीच्या खोऱ्यात उतरते, तर किनवट व माहूरकडील ओढे उत्तरेस पैनगंगेला मिळतात. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा या प्रदेशाच्या उत्तर सीमेवरून वळणे घेत वाहते आणि पुढे वर्धा नदीस मिळते. इस्लापूरजवळ तिच्या पात्रात सहस्रकुंड हा धबधबा असून पावसाळ्यात खडकांच्या अनेक खाचांतून पाण्याचे लोट कोसळतात.

प्रदेशाचा बराच भाग दक्षिणी बेसाल्टचा आहे. तथापि पूर्वेकडे बेसाल्टचे आवरण विरळ होत जाते आणि त्याखालील ग्रॅनाइट, पट्टिताश्म व चुनखडक उघडे पडलेले दिसतात. पैनगंगेकाठी किनवट तालुक्यात उनकेश्वर येथे गंधकयुक्त उष्ण पाण्याचे झरे आहेत. या भागातून जाणाऱ्या विभंगरेषेशी त्यांचा संबंध जोडला जातो. नदीकाठची काळी जमीन कापूस व ज्वारीला अनुकूल आहे, तर उतारावरील माती उथळ, मुरमाड व लवकर कोरडी पडणारी आहे. पाऊस जिल्ह्याच्या इतर भागांपेक्षा अधिक, वर्षाला सु. १०० सेंमी. किंवा त्याहून जास्त पडतो. परंतु तो उतारावरून झपाट्याने वाहून जात असल्यामुळे उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची टंचाई भासते. वनांत साग प्रमुख असून ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस व बांबू हेही आढळतात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील वनांचा काही भाग अभयारण्यात मोडतो.

प्राचीन इतिहास : या मुलखाचा सर्वांत जुना लेखी धागा वाकाटककाळापर्यंत नेता येतो. वत्सगुल्म (वाशीम) शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती (इ. स. चौथे शतक) याच्या वाशीम ताम्रपटात नांदीकड या विभागाच्या उत्तर मार्गातील एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. नांदीकड म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशी यांनी दाखविले. नांदेडच्या उत्तरेकडील प्रदेश तेव्हाही वेगळा उपविभाग म्हणून ओळखला जात होता, एवढे त्यावरून म्हणता येते. माहूर येथील पांडवलेणी राष्ट्रकूटकाळातील मानली जातात. यादवकाळात माहूर हे धर्मक्षेत्र म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध होते. रेणुकेचे हे स्थान महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक होय. दत्तात्रेय व अनसूया यांची शिखरेही येथेच आहेत. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी दत्तात्रेय व चक्रपाणी यांचा संबंध माहूरशी असल्यामुळे त्या पंथातही या स्थानाचे महत्त्व मोठे आहे. अरण्याच्या कडेवरील हे क्षेत्र यात्रेकरूंच्या वाटांनी वऱ्हाड, तेलंगण व गोदातीर यांना एकमेकांशी जोडीत आले.

मध्ययुग : माहूरचा किल्ला ताब्यात असलेल्याला वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या वाटांवर हुकमत ठेवता येत असे. बहमनी सुलतान पहिला अहमदशाह याने सु. १४२५ मध्ये माहूरच्या जमीनदारावर स्वारी करून तो घेतला. वजीर महमूद गावान (मृ. १४८१) याने राज्याच्या चार तरफांचे आठ भाग केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन तुकडे पाडण्यात आले. माहूर अशा रीतीने एका प्रांताचे मुख्य ठाणे बनले. पुढे ते वऱ्हाडच्या इमादशाहीत गेले, १५७४ मध्ये इमादशाहीबरोबर निजामशाहीत आणि १५९६ मध्ये वऱ्हाडबरोबरच मोगलांकडे आले. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूरचा समावेश आहे. सतराव्या शतकात माहूरची देशमुखी उदाराम घराण्याकडे होती. या घराण्यातील सावित्रीबाई हिने माहूरचे ठाणे पराक्रमाने राखले म्हणून औरंगजेबाने तिला ‘रायबागन’ हा किताब दिला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा ती मोगल फौजेत होती.

किल्ला व देशमुखी यांच्या या इतिहासाखाली दुसरा, फारसा लिहिला न गेलेला इतिहास आहे. डोंगरातील गोंड, कोलाम व परधान यांचा इतिहास तो हाच. सुभेदाराचा अंमल किल्ल्यापाशी व पेठेत जाणवे. रानातील वस्त्या मात्र आपापल्या प्रमुखांच्या सत्तेखाली राहत. जमीन विपुल व माणूस विरळ होता, तोपर्यंत शेत कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न उद्भवला नाही. माती थकली की वस्ती पुढे सरके.

निजामी अंमल : १७२४ नंतर हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे आला. मराठ्यांची सत्ता संपुष्टात येत असताना हदगाव परिसरात नोवसाजी नाईक या हटकर सरदाराने उठाव केला. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेने त्याच्या नाव्हा येथील गढीला वेढा घालून ती जिंकली. या प्रदेशाच्या दृष्टीने अधिक दूरगामी घटना १८५३ ची होय. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जासाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगा ही दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा बनली. पुसद, उमरखेड पलीकडे गेले व माहूर अलीकडे राहिले. चार शतके वऱ्हाडचा भाग असलेले माहूर वऱ्हाडापासून तुटले ते याच वेळी. १९०५ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याची रचना झाली, तेव्हा किनवट हा त्याचा एक तालुका होता व माहूर त्यातच मोडत असे. भोकर, हदगाव व वाढोणा (हिमायतनगर) हा भाग मात्र नांदेडकडे राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या आणि फिरत्या शेतीवर बंदी आली. तिचा सर्वांत मोठा फटका कोलामांना बसला. त्याच सुमारास रस्ते व पुढे लोहमार्ग झाल्यामुळे मैदानी भागातील शेतकरी, व्यापारी व सावकार डोंगराकडे वळले. ज्यांना कागदपत्रांची भाषा व कचेरीची वाट ठाऊक होती, त्यांनी पट्टे करून घेतले. पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसणारे गोंड सरकारी दप्तरात बेकायदा कसणारे ठरले. या असंतोषाचा स्फोट आदिलाबादच्या पूर्व भागात झाला. जमिनीच्या हक्कासाठी उभा राहिलेला गोंड पुढारी कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर हैदराबाद सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या स्थितीची पाहणी सोपविली. त्यांच्या शिफारशींवरून आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत होती. जिल्ह्याच्या पश्चिम भागात मराठीचा वावर किती खोल होता, याचे हे एक गमक म्हणता येईल.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात या भागाने महत्त्वाचा वाटा उचलला. भोकरनजीकच्या उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी छापा घातला आणि मिळालेला पैसा लढ्यासाठी वापरला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.

राज्यपुनर्रचना : १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले व नांदेड जिल्ह्यास जोडले गेले. राजुरा १९५९ मध्ये चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात घालण्यात आला. उलट मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. ही विभागणी बहुसंख्यांच्या भाषेवर, म्हणजे मराठी व तेलुगू यांच्या तोलावर झाली. गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांना त्या तोलात स्थान नव्हते. एकाच कुळीची गावे दोन राज्यांत विभागली गेली. मेसराम कुळीच्या केसलापूर येथील नागोबाची जत्रा तेलंगणात भरते, तरी सीमेअलीकडील गोंड आजही तिला जातात. किनवटकरांना जिल्ह्याचे ठिकाण म्हणून जवळचे आदिलाबाद सुटून शंभराहून अधिक किमी. वरचे नांदेड मिळाले. या भागाच्या दुर्गमतेस केवळ डोंगर कारणीभूत नाहीत, सीमारेषाही आहेत.

जमिनीच्या बाबतीत परिणाम अधिक गंभीर होता. आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयी महाराष्ट्राने १९७४ मध्ये कायदा केला. तथापि त्याची व्याप्ती १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींपुरती होती. किनवट भागातील ज्या जमिनी निजामी राजवटीत हातच्या गेल्या, त्या या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने किनवट तालुक्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात आली आणि किनवट येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्यांचे हक्क मान्य करण्याची तरतूद झाली. वनांच्या सीमा आखताना जे नोंदले गेले नाही, ते शतकानंतर नोंदण्याचा हा प्रयत्न होय.

लोक व समाजजीवन : नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २८,७६,२५९ (२००१) व ३३,६१,२९२ (२०११) होती. २०११ मध्ये तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ८.४ टक्के होते. ही सरासरी फसवी आहे. गोदाकाठच्या तालुक्यांत हे प्रमाण अल्प असून आदिवासी वस्ती मुख्यत्वे उत्तरेकडील डोंगराळ तालुक्यांत एकवटलेली आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध व नाईकपोड या येथील प्रमुख जमाती. त्यांपैकी कोलाम ही शासनाने आदिम मानलेल्या राज्यातील तीन जमातींत मोडते. बंजारा समाजाचे तांडेही मोठ्या संख्येने आहेत. बंजाऱ्यांना आंध्र प्रदेशात १९७० नंतरच्या दशकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात त्यांची गणना विमुक्त जातींत होते. एकाच समाजाला नदीनाल्याच्या दोन बाजूंस दोन दर्जे मिळाल्याने स्थलांतराला चालना मिळाली व सीमेपलीकडील गोंडांशी त्यांचे ताणही वाढले.

मराठी ही प्रमुख भाषा असून तेलुगू, उर्दू, बंजारा, गोंडी व कोलामी याही बोलल्या जातात. गोंडी व कोलामी या द्राविड भाषा आहेत. आंध मराठीच बोलतात. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट होत. किंग्रीच्या साथीवर कुळींच्या उत्पत्तिकथा गाण्याचा त्यांचा व्यवसाय होता. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडारी नृत्ये होतात व मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. शाळेत गोंडी व कोलामीला स्थान नसल्यामुळे या भाषा घरापुरत्या उरत चालल्या आहेत.

कापूस, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन ही मुख्य पिके. तेंदूपाने व मोहफुले यांपासून आदिवासींना हंगामी उत्पन्न मिळते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचा लाभ हदगावकडील भागास होतो. निम्न पैनगंगा प्रकल्पात महाराष्ट्र व तेलंगण यांचा वाटा ८८ व १२ टक्के ठरलेला आहे. त्याच्या बुडित क्षेत्रात येणाऱ्या यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील गावांनी मात्र दीर्घकाळ विरोध चालविला. पट्टा मिळायलाच ज्यांना दोन पिढ्या लागल्या, त्यांच्या दृष्टीने जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न केवळ रकमेचा नसतो, हे या विरोधामागील एक कारण आहे.

सत्ताकेंद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशाची सीमा गेल्या दोन शतकांत १८५३, १९०५ व १९५६ अशी तीनदा बदलली. प्रत्येक बदल नांदेड, हैदराबाद किंवा त्याहूनही दूरच्या गरजांनी ठरला आणि त्याची किंमत डोंगरातील लोकांनी दिली. माहूरची यात्रा व केसलापूरची जत्रा यांनी मात्र या सीमा कधी मानल्या नाहीत. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील लोकजीवन एकच असल्याची साक्ष आजही त्यांतून मिळते.