वेरूळचे कैलास मंदिर: शेंद्र्याहून जाताना काय पाहावे?

शेंद्र्याहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरात आलात की तिथून वेरूळ वायव्येला सुमारे ३० किलोमीटर आहे. येथील ३४ लेण्यांपैकी १६ क्रमांकाचे लेणे म्हणजे कैलास मंदिर. त्याचे मुख्य काम आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात झाले.

हे मंदिर दगडावर दगड रचून बांधलेले नाही. अखंड कातळ वरून खाली कोरत आणला. म्हणजे शिखर आधी आणि पाया शेवटी. जास्त निघालेला दगड परत बसवता येत नव्हता, म्हणून मोजमाप आधीच पक्के असावे लागे.

आधी अंगणात फिरा. दक्षिणेला रामायणाचा आणि कैलास हलवणाऱ्या रावणाचा, तर उत्तरेला महाभारताचा शिल्पपट दिसेल. मग बाजूच्या डोंगरवाटेने वर जाऊन शिखर पाहा. मंदिर कसे घडले ते तिथूनच नीट कळते.

काही ठिकाणी जुना गिलावा आणि रंग अजून टिकून आहे. त्याला हात लावू नका. गेलेला रंगही परत येत नाही.

लेणी मंगळवारी बंद असतात.