५० की ७५? समाक्ष तारेवरील दोन आकड्यांचा इतिहास

गच्चीवरच्या डिशपासून घरात उतरणारी जाड तार कधी हातात घेऊन पाहा. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत बहुधा ‘७५ ओम’ असे छापलेले आढळेल. हौशी रेडिओचालकाच्या तारेवर मात्र ‘५० ओम’ असते. दोन्हींत तांबे तेच, घडणही तीच. मग आकडे दोन का? उत्तर शोधायचे तर १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी उतरावे लागते. थ्रेड लांब आहे, पण वाट रंजक आहे.

प्रथम घडण. मध्यभागी तांब्याचा गाभा, त्याभोवती विद्युतरोधक थर, त्यावर धातूची जाळी किंवा नळी आणि सर्वांत बाहेर संरक्षक आवरण. गाभा व जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून ही ‘समाक्ष’ तार, अर्थात कोॲक्सियल केबल. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की संदेशाची ऊर्जा गाभ्याच्या पोटातून वाहत नाही. ती गाभा आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून प्रवास करते. हे न उमगल्याची किंमत एका अख्ख्या तारेने मोजली.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी समुद्री तार टाकून पूर्ण झाली. तांब्याच्या गाभ्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचा थर होता आणि भोवतालचे पाणी बाहेरच्या वाहकाचे काम करीत होते. म्हणजे, कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती समाक्ष तारच झाली होती! व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी आधीच गणिताने दाखवले होते, की अशा तारेची लांबी दुप्पट केली तर संदेशाचा विलंब चौपट होतो. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. ते पेशाने शल्यचिकित्सक. संदेश क्षीण येतो, तर दाब वाढवा, हा त्यांचा उपाय. सुमारे २००० व्होल्टचे धक्के देण्यात आले आणि काही आठवड्यांत तार मूक झाली. ती मुळातच सदोष बनली होती, हे खरे. तरीही तिचा अंत या उपायाने जवळ आणला.

१८६६ साली थॉमसन यांच्या पद्धतीने, म्हणजे सौम्य दाब आणि अतिसंवेदनशील ग्राहक यांच्या जोरावर, अटलांटिक कायमचा जोडला गेला. ज्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने ती तार टाकली, त्यानेच १८७० साली मुंबई ते एडन तार टाकली.

आता या कथेचा खरा नायक. ऑलिव्हर हेविसाइड, जन्म १८५०, लंडनच्या कॅम्डन टाउन भागातला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तारायंत्र चालवण्याची नोकरी धरली आणि १८७४ साली तीही सोडून हा गृहस्थ घरी बसून गणित करू लागला. थॉमसन यांच्या गणितात तारेचा रोध आणि तिची विद्युत साठवण्याची क्षमता, एवढेच होते. हेविसाइडने त्यात स्वप्रवर्तन आणि गळती यांची भर घातली. ‘इम्पिडन्स’ हा शब्दही त्याचाच. १८८० साली त्याने इंग्लंडमध्ये १४०७ क्रमांकाचे पेटंट घेतले: एक वाहक दुसऱ्याच्या आत ठेवला, तर शेजारच्या तारांतील संभाषण एकमेकांत मिसळत नाही. समाक्ष तारेचा हा जन्मदाखला.

१८८७ साली त्याने याहून धाडसी निष्कर्ष मांडला. तारेतील स्वप्रवर्तन योग्य प्रमाणात वाढवले, तर संदेश विकृत न होता पोहोचेल. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस स्वप्रवर्तनाला शत्रू मानत. हेविसाइडचा भाऊ आर्थर याच खात्यात अभियंता होता; दोघा भावांचा संयुक्त लेख प्रीस यांनी छापू दिला नाही. पुढे हीच कल्पना अमेरिकेत मायकेल प्युपिन यांच्या १९०० सालच्या पेटंटातून दूरध्वनी कंपनीच्या तिजोरीत पैसा ओतू लागली. हेविसाइडला त्यातले काही मिळाले नाही. माझ्या मते, अधिकाराने गणिताचे तोंड दाबल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

मधली पन्नास वर्षे समाक्ष तारेला फारसे काम नव्हते, कारण तेवढ्या उच्च वारंवारतेचे संदेशच नव्हते. १९२९ साली बेल प्रयोगशाळांच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी रुंद पट्ट्यासाठी या तारेच्या पेटंटाचा अर्ज केला. १९३६ साली न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अशी प्रायोगिक तार टाकली गेली. एका वेळी २४० संभाषणे वाहण्याची तिची क्षमता होती. तिच्या आत विद्युतरोधक म्हणून मुख्यतः हवाच होती.

येथे ७५चा उगम दिसतो. इम्पिडन्स ठरतो तो गाभ्याचा व्यास, जाळीचा व्यास आणि मधला पदार्थ यांवरून. तारेची लांबी कितीही असो, तो बदलत नाही. हवेच्या तारेत जाळीचा आतला व्यास गाभ्याच्या सुमारे ३.६ पट ठेवला, तर संदेशाचा क्षय किमान होतो आणि इम्पिडन्स येतो ७७ ओम. उलट जास्तीत जास्त शक्ती पाठवायची, तर गाभा जाड करावा लागतो आणि आकडा ३० ओमच्या आसपास उतरतो. दूरवर नाजूक संदेश न्यायचा असेल तर ७५ सोयीचा, हे त्यावरून कळते. ५० हा या दोन टोकांमधला मध्यम मार्ग, असे सामान्यतः सांगतात.

पण ५०ला आणखी एक दुजोरा मिळाला. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन यांच्या उच्चदाबाच्या प्रयोगात मेणासारखा एक पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे सापडला: पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धात विमानांतील रडारच्या तारांना असाच लवचीक आणि कमी क्षय करणारा विद्युतरोधक हवा होता. पॉलिथीन भरले की किमान क्षयाचा ७७ हा आकडा सुमारे दीडने भागला जातो: ५१! अमेरिकन लष्कराने तारांना ‘आरजी’ क्रमांक दिले, तेही याच काळात. आजची आरजी-५८ (५० ओम) आणि आरजी-६ (७५ ओम) त्याच नामावळीतल्या.

मग आपण तार घ्यायची कोणती? आधी यंत्राचा आकडा पाहावा आणि तोच तारेचा असावा. मात्र ५०च्या जागी ७५ची तार लागली तर आकाश कोसळत नाही. जोडापाशी सुमारे ४ टक्के शक्ती परतते. खरा चोर लांबी आणि वारंवारता हा आहे. १४४ मेगाहर्ट्झवर २० मीटर आरजी-५८ मधून पाठवलेल्या शक्तीपैकी जेमतेम ४० टक्के पलीकडे पोहोचते; जाड आरजी-२१३ मधून सुमारे दोन तृतीयांश. एन प्रकारच्या जोडणीत ५०ची जाड खीळ ७५च्या खोबणीत बसवू नये. खोबणी कायमची पसरते.

गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी असलेली छोटी डबीही याच चोरापासून बचाव करते. आकाशातून येणारा ११-१२ गिगाहर्ट्झचा संदेश तारेत फार क्षीण होईल, म्हणून ती डबी तो तिथल्या तिथे सुमारे १ ते २ गिगाहर्ट्झवर उतरवते आणि मगच ७५ ओमच्या हवाली करते.